अंगठ्यावरची रेघ

साहेबाचं भिंग आता माझ्याकडे आहे. पितळेचं, तीन पायांचं, कागदावर आपलं आपण उभं राहतं. तांदळातले खडे पाहायला बरं पडतं. पायात काटा मोडला तर काढायलाही कामी येतं. साहेब असता तर म्हणाला असता, "बाई, कडेनं धरा." कोणतीही वस्तू कडेनं धरायची, ही त्याची रीत. ताट काठाला, कागद दोन कोपऱ्यांना, पापडसुद्धा दोन बोटांच्या टोकांत. आम्ही ढिवर. तलावातल्या मासोळ्या आणि शिंगाडे यांवर आमची घरं चालतात, आणि आमच्या हातचं पाणी प्यायला मागंपुढं पाहणारे लोक अजून आहेत. मला वाटलं हाही त्यातलाच. म्हणून एकदा त्याच्या खोलीत डोकावून पाहिलं. एकटाच होता, आणि स्वतःचा चष्माही तसाच कडेनं धरून पुसत होता. मग मी त्यावरून बोलणं सोडलं.

तोंडावर मी त्याला साहेब आणि तुम्ही म्हणत असे. मनात तो 'तो'च होता, आणि त्याला कारण होतं. पुढं कारण राहिलं नाही, पण सवय राहिली. मी चौथी शिकले आहे. जसं मनात येतं तसंच लिहिते.

सरकारी नोकरीत त्याचं काम बोटांचे ठसे पाहायचं. चोरी झाली, खून झाला, की पोलीस तिथल्या वस्तूंवर भुकटी मारून ठसे उचलतात, त्यांचे मोठे फोटो करतात. मग संशयिताचा ठसा शेजारी ठेवून दोन्ही एकाच बोटाचे आहेत का, हे सांगणारा माणूस लागतो. तीस वर्षं साहेब तो माणूस होता. निवृत्त झाला, बायको वारली, मुलगी नागपूरला, आणि हा एक ट्रंक घेऊन चिमूरच्या एसटीतून आमच्या गावात उतरला. गावात भाड्यानं देण्याजोगी पक्की खोली एकच, माझी. आधी तिथं शाळेचे गुरुजी राहत. हवापालट करायला आलो म्हणाला. आमच्या गावात हवापालटाला कोणी येत नाही. डास आहेत, आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की चिखलाचा वास.

'नक्की' हा शब्द त्याच्या तोंडून निघत नाही, हे गावाला लवकरच कळलं. पारावरचे म्हातारे मुद्दाम विचारत.

"साहेब, आज मंगळवार आहे का जी?"

"कॅलेंडरवर तसं छापलंय."

"जेवन झालं का?"

"माझ्या आठवणीप्रमाणे झालं."

लोक हसत. तो हसत नसे, रागावतही नसे. मी एकदा विचारलं, रश्श्यात मीठ बरोबर आहे का. दोन घास खाऊन म्हणाला, "कालच्यापेक्षा जास्त वाटतं. पण काल माझं तोंड कडू होतं."

"साहेब, हो म्हना नाई तं नाई म्हना. मले चूल सारवाची आहे."

"बाई, हो आणि नाही यांच्या मधे एक तिसरा खण असतो. मी तो तीस वर्षं उघडला नाही."

"मंग उघडा, अन मीठ ठेवा त्याच्यात."

मीठ जास्तच होतं. पहिला महिनाभर मी मुद्दाम टाकत होते. कारण एसटीतून उतरला तेव्हाच मी त्याला ओळखलं होतं.

माझा धाकटा भाऊ तुळशीराम, घरात तुळशा. वीस वर्षांमागं आमच्या तलावाचा चौकीदार सकाळी पाळीवर, म्हणजे बांधावर, मेलेला सापडला. डोक्याला मार होता. शेजारी त्याची बॅटरी पडलेली, आणि बॅटरीच्या काचेवर एका अंगठ्याचा अर्धा ठसा. आदल्या दिवशी चौकीदारानं तुळशाचं जाळं जप्त केलं होतं आणि दोघांचं भर बाजारात भांडण झालं होतं. पोलिसांना दूर जावं लागलं नाही. तुळशा म्हणत राहिला, मी त्या बॅटरीला कधी हात लावला नाही. जिल्ह्याच्या कोर्टात साहेब आला. तेव्हा त्याचे केस काळे होते, अंगात कोट होता. वकिलानं विचारलं, हा ठसा दुसऱ्या कोणाचा असू शकतो का? साहेब म्हणाला, "नाही. बारा खुणा जुळतात. हा आरोपीच्या डाव्या अंगठ्याचा ठसा आहे. नक्की."

मी समोरच्या बाकावर होते. भांडणाला साक्षीदार होते, पण भांडण कोणाचं होत नाही? शिक्षा झाली ती त्या एका शब्दावर. ठरवून केलेला खून नाही, भांडणातला मार धरला, म्हणून दहा वर्षं. वरच्या कोर्टातही तीच राहिली. माफीचे दिवस धरून तो आठ वर्षांनी सुटला.

सुटून आला तर मच्छीमार संस्थेनं त्याचं नाव काढून टाकलेलं. तलाव संस्थेचा. यादीत नाव असेल त्याचंच जाळं पाण्यात पडतं. तुळशा पाळीवर उभा राहू शकत होता, पाण्यात उतरू शकत नव्हता. ढिवराला हे कसं लागतं ते दुसऱ्याला सांगून समजत नाही, आणि मला सांगायची हौस नाही. तो बांबू तोडायला जातो. मिरचीच्या दिवसांत तेलंगणात मिरची तोडायला जातो. बायको तो आत असतानाच माहेरी गेली, ती आली नाही.

तर ज्यानं तो शब्द काढला, तो माणूस माझ्या दारात उभा राहून खोली आहे का विचारत होता. मी कोण ते त्याला माहीत नव्हतं. मी खोली दिली. हा माझ्या हातचं कसा खातो ते मला पाहायचं होतं. दुसरा काही विचार नव्हता.

बाजारात मासोळी घ्यायला गेला की आधी विकणारीचा हात पाहायचा, मग मासोळी. बायका म्हणत, "भविष्य सांगता का जी साहेब?" तो म्हणे, "भविष्य नाही. झालेलं पाहतो." बायकांना वाटे, बायको मेल्यानं डोक्यावर परिणाम झाला.

उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की आमच्याकडे तलाव ओढतात. मोठं जाळं टाकून घरटी एक माणूस दोर ओढतो. मासोळ्या पाळीवर आल्या की पळसाच्या पानांवर घरांइतके वाटे घालतात. अध्यक्षानं आपल्या माणसाला मोठा वाटा दिला असं कोणी म्हणू नये, म्हणून ज्याचा वाटा नाही असा एक जण वाट्यांकडे पाठ करून उभा राहतो. हातात नावांची यादी. दुसरा काठीनं एकेका वाट्याला शिवून विचारतो, "हा कोनाचा?" पाठमोरा माणूस यादीतलं मनाला येईल ते नाव घेतो. झालं. दरवर्षी गुरुजी उभे राहत. त्या वर्षी ते सुट्टीत आपल्या गावी गेले होते, म्हणून साहेबाला उभं केलं.

घरी येऊन त्यानं मला तीनदा सगळं विचारलं. पाठ करणाऱ्याला काहीच दिसत नाही ना? कोणी खाकरून खूण करत नाही?

"खाकरला तं त्याचा वाटा जाते," मी म्हटलं.

तो खोलीत गेला. जेवायला आला नाही. दारातून पाहिलं तर ट्रंक उघडी आणि फोटो जमिनीवर पसरलेले.

दुसऱ्या दिवशी त्यानं आपण होऊन सांगितलं. पेन्शनवाल्यांना दरवर्षी आपण जिवंत आहोत हे मशीनवर अंगठा ठेवून दाखवावं लागतं. एका वर्षी साहेबाचा अंगठा मशीननं घेतला नाही. पुसून ठेवला, धुऊन ठेवला, तरी नाही. खिडकीवरची मुलगी म्हणाली, "काका, मशीन म्हणते हे तुम्ही नाही." म्हातारपणी अंगठा झिजतो, हे त्याच्याहून जास्त कोणाला माहीत? दुसरं एक बोट लागलं आणि काम झालं. पण घरी येऊन त्यानं जुन्या खटल्यांच्या फोटोंची ट्रंक उघडली. ज्या ज्या ठशावर नक्की म्हटलं होतं ते पुन्हा पाहायला लागला.

"बहुतेक ठीक होते," तो म्हणाला. "ठसा पूर्ण असेल, स्वच्छ असेल, तर हे काम चोख होतं, बाई. ते खोटं नाही. पण अर्धा, पुसट ठसा असेल तर माझा डोळा काय करतो, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. एक फोटो काही केल्या बसत नाही. म्हणून या गावात आलो."

"कोनाचा फोटो?" मी विचारलं, माहीत असून.

"इथलाच एक मच्छीमार होता. इथल्या लोकांचे अंगठे पाहायचे आहेत. तुमचा देता का? डावा."

मी हात पदराला पुसला. म्हटलं, "माह्या घरचा एक अंगठा आहे ना तुमच्यापाशी. वीस वर्सांपासून."

त्याच्या हातात शाईची पेटी होती. ती त्यानं खाली ठेवली. मग तो जमिनीवरच बसला.

"तुम्ही तुळशीरामच्या बहीण?"

"मोठी."

"मग मला खोली का दिली?"

"रिकामी होती."

तो म्हणाला, "मी उद्या जातो."

"जाऊन काय करान? ज्याच्यासाठी आले ते करा पैले. घ्या अंगठा."

त्यानं माझ्या अंगठ्याला शाई लावली, कागदावर टेकवला, त्यावर भिंग उभं करून डोळा लावला, तो काढेचना. शेवटी म्हणाला, "ही आडवी रेघ कशाची?"

"दोऱ्याची."

"कसला दोरा?"

मी अर्धं विणलेलं जाळं आणून दाखवलं. जाळं विणताना डाव्या अंगठ्यावर दोरा ताणून धरावा लागतो, तेव्हा गाठ बसते. मी सात वर्षांची असल्यापासून विणते. बारीक नायलॉनचा दोरा ओल्या कातडीत रुततो. रोज त्याच जागी चिरते, भरते, पुन्हा चिरते. मग तिथं रेघ पडते ती जन्मभर जात नाही. तुळशाच्या अंगठ्यावर आहे. गावात जो जो लहानपणापासून विणतो, त्याच्या अंगठ्यावर आहे.

साहेबानं बॅटरीवरच्या ठशाचा फोटो काढला. पंज्याएवढा मोठा केलेला, वर लाल शाईनं बारा आकडे. अंगठ्यावरच्या बारीक रेषा चालत येतात आणि मधेच तुटतात, अशा जागा तो खुणा म्हणून मोजत असे. मला म्हणाला, पाहा. बारांतल्या पाच खुणा एका आडव्या ओळीत होत्या. रेषा तिथं आपल्या आपण संपत नव्हत्या. दोऱ्यानं कापल्या होत्या.

"मी हा एका माणसाच्या जखमेचा व्रण समजलो," तो म्हणाला. "वाटलं, आता तर शंकाच नको."

"कोनाले इचारलं काऊन नाई?"

"कोणाला विचारणार?"

"कोन्याई ढिवराले. आमी दारातच बसून इनत असतो."

टेबलावर बसून दोन फोटो पाहायचे, एवढंच माझं काम समजत होतो, म्हणाला. आणखी एक सांगितलं. ठसा पाठवताना तपासाच्या अधिकाऱ्यानं फोन केला होता. माणूस सापडला आहे, आदल्या दिवशी भांडण झालं होतं, फक्त जुळवून द्या. "मग डोळा जुळवायलाच बसतो, बाई. उरलेल्या सात खुणांतल्या चार मला आधी तुळशीरामच्या अंगठ्यावर दिसल्या, आणि मग मी त्या बॅटरीच्या काचेवर शोधल्या. शोधल्या म्हणून सापडल्या." दुसऱ्या जाणकारानं तपासायचा नियम होता. त्यानं साहेबाची सही पाहिली आणि खाली आपली केली.

मी त्याला शिव्या दिल्या. त्या इथं लिहीत नाही. देऊन झाल्यावर म्हटलं, "आता सांगा, तो तुळशाचा आहे का नाई?"

"आता मला तो तुळशीरामचा नाही असंच दिसेल. मला तेच दिसायला हवं आहे. या डोळ्यावर भरवसा नाही."

"मंग पाठ करा," मी म्हटलं. "वाटे करतो तसं."

तीस वर्षांच्या नोकरीत हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

पावसाळाभर आम्ही गावातल्या जाळं विणणाऱ्यांचे डावे अंगठे गोळा केले. लोक हसत हसत देत. एक म्हातारी म्हणाली, "देतो जी, पन माह्यावर खून टाकू नका." साहेबाचा हात थांबला. मग त्यानं अंगठा घेतला. चंद्रपूरला जाऊन सगळ्यांचे फोटो एकाच मापाचे करून आणले, त्यांत तुळशाच्या जुन्या ठशाचाही. तुळशाचा ठसा पूर्ण दिसला तर मी ओळखीन, म्हणाला. म्हणून बॅटरीवर अंगठ्याचा जेवढा भाग उमटला होता, तेवढाच ठेवून प्रत्येक फोटो मी कात्रीनं कापला. नावं मागं लिहिली.

तो भिंतीकडे तोंड करून बसे. मी एक फोटो काढून बॅटरीच्या फोटोशेजारी ठेवी. मग तो वळे, भिंग लावी, बोले, आणि मी पाटीवर लिही. तुळशाचा फोटो हातात आला तेव्हा खाकरावंसं वाटलं. खोटं कशाला सांगू? पण नाही खाकरले.

बहुतेकांना तो पटकन 'नाही' म्हणाला. तिघांना 'असू शकतो' म्हणाला. मी मागची नावं वाचली. एक तुळशा. एक गावातला तरुण, जो चौकीदार मेला तेव्हा पाळण्यात होता. तिसरी मी.

"मलेबी घेऊन चला मंग कोरटात," मी म्हटलं. तो हसला नाही.

दिवाळीनंतर पुन्हा तेच फोटो ठेवले, ओळ बदलून. या वेळी पाळण्यातला सुटला, मी सुटले. तुळशाच्या फोटोवर तो खूप वेळ वाकून होता. मग म्हणाला, "सांगता येत नाही." फोटो तोच, भिंग तेच, डोळा तोच. मी पाटी त्याच्यापुढं धरली. ती वाचून तो म्हणाला, "याच्यावर मी नक्की म्हणालो होतो."

तुळशाला सांगायला तो स्वतः गेला. मी सोबत होते. तुळशा अंगणात बांबूच्या कमट्या काढत होता. त्यानं साहेबाला कधीच ओळखलं होतं. उठला नाही.

"अंगठा एकडाव देल्ला ना तुमाले. आता काय पाह्यजे?"

साहेबानं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. दोऱ्याची रेघ, फोन, सही, पाटी. तुळशाचा कोयता थांबला नाही.

"म्हंजे माहा नोहोता तो?"

"असू शकतो, नसूही शकतो. सांगता येत नाही. तेव्हाही येत नव्हतं."

"आठ वर्सं काढून आलो, अन आता सांगता येत नाई म्हनता."

"हो."

पुढं-मागं काही न लावता तो हो म्हणाला, असं मी पहिल्यांदा ऐकलं.

"कोरटात सांगून या," तुळशा म्हणाला. "मले सांगून काय होते?"

साहेबानं वकील गाठला. वकील म्हणाला, बॅटरी केव्हाच नष्ट केली, शिक्षा भोगून झाली, अपील संपलं. तरी प्रतिज्ञापत्र लिहून घेतलं. ते गेलं, पोच आली. पुढं काही आलं नाही. अजून नाही.

मी तुळशाला कधी विचारलं नाही, तू मारलंस का म्हणून. वीस वर्षांत नाही विचारलं. लोकांना वाटतं, बहीण आहे, हिला माहीत असेल. मला माहीत नाही. माझा भाऊ रागीट होता, आणि माझा भाऊ खोटं बोलत नसे. दोन्ही खरं आहे. त्यावरून कोणाला आठ वर्षं आत ठेवता येत नाही, एवढं मला कळतं.

पुढल्या उन्हाळ्यात तलाव ओढायच्या आधी संस्थेची सभा भरली. साहेब न बोलावता गेला. समाजमंदिरात सगळ्यांपुढं उभा राहून कोर्टात काय म्हटलं होतं ते त्यानं शब्दाला शब्द परत म्हटलं. मग म्हणाला, ते म्हणायचा मला अधिकार नव्हता. ठसा तुळशीरामचा नाही असं मी म्हणत नाही. आहे असं कोणालाच म्हणता आलं नसतं. आपापला डावा अंगठा पाहा. लोकांनी पाहिला.

बायकांतून चौकीदाराची बायको गिरजाबाई उठली.

"मंग माह्या मानसाले मारलं कोनं?"

"मला माहीत नाही."

"तवा तं माहीत होतं तुमाले. कोट घालून सांगतलं. मीबी होती तिथी."

"हो."

"वीस वर्सं मी ज्याच्या सावलीवर थुकली, तो नोहोता म्हनता?"

"तेही मी म्हणत नाही."

"काईच म्हनत नाई तं आले कायले?"

ती निघून गेली. चपला दारातच राहिल्या. तुळशाचं नाव यादीत घ्यायचं का, तर अध्यक्ष म्हणाले, पाहू. सभा मोडली. वाटेत साहेब म्हणाला, "तिच्याकडे निदान एक नाव होतं. तेही मी काढून घेतलं."

"हो," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

तो पुढल्या थंडीत गेला, छाती भरून. तीन दिवस पडून होता. मुलगी आली, ट्रंक घेऊन गेली, भिंग खिडकीत राहिलं. डॉक्टरांनी विचारलं, आता बरं वाटतं का, तर म्हणाला, "कालच्यापेक्षा." पण त्याआधी तलाव ओढला गेला, ते सांगायचं आहे.

सभेनंतर आठवड्यानं तलाव ओढला. तुळशा नेहमीप्रमाणे पाळीवर, लांब, सागाखाली. त्याला कोणी पाण्यात बोलावलं नाही. मासोळी बरी निघाली. अध्यक्षांनी वाटे घातले. गुरुजी गावातच होते, पण म्हणाले, साहेबच उभे राहू द्या. साहेब यादी घेऊन पाठ करून उभा राहिला, पाण्याकडे तोंड. काठी वाट्याला लागली. "हा कोनाचा?" साहेबानं नाव घेतलं. असं एकेक करत शेवटचं नाव घेऊन तो म्हणाला, "यादी संपली."

काठीवाला म्हणाला, "एक वाटा उरला ना जी. हा कोनाचा?"

अध्यक्ष दुसरीकडे पाहत होते. वाटे त्यांनीच घातले होते, आणि ते चुकणारे नव्हेत. मी वाट्यांकडे पाहिलं, मग तुळशाकडे. साहेबाच्या यादीत ते नाव नव्हतं, आणि यादीत नाही ते तो बोलणारा नव्हता.

"हा कोनाचा?" काठीवाल्यानं पुन्हा विचारलं.

"तुळशीरामाचा," गिरजाबाई म्हणाली.

कोणीतरी पुटपुटलं. ती त्याच्याकडे वळली. "काय म्हनतं? तुले नक्की माहीत आहे यानं मारलं म्हून? ज्याले नक्की माहीत आहे त्यानं हात वर करा. करा ना बाप्पा. मले तं पाह्यजेच आहे."

एकही हात वर झाला नाही. तिनं सगळ्यांकडे पाहून घेतलं. बरीच वाट पाहिली. एखादा हात वर झाला असता तर तिला बरं वाटलं असतं, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

"मलेई नाई माहीत," ती म्हणाली. "मंग माहीत नसल्यावर बारा वर्सं याचा वाटा कोनं खाल्ला?" आणि तुळशाकडे न पाहता ओरडली, "उचल बे. उन्हानं मासोळी खराब होते."

तुळशा सागाखालून आला. वाटा पानासकट उचलला, कोणाशी न बोलता घराकडे गेला. मग सगळे आपापला वाटा उचलायला वाकले. गडबड झाली, बायका टोपल्या घेऊन आल्या, माशा बसायला लागल्या होत्या.

साहेब तसाच पाठ करून उभा होता. झालं, आता वळा, असं त्याला सांगायचं कोणाच्या लक्षात आलं नाही. शेवटी मीच गेले. म्हटलं, "चला जी, भात निवून राह्यला." त्यानं हात पुढं केला, यादी परत द्यायला. ती मी घेतली. पूर्ण मुठीत धरली होती त्यानं, चुरगळून, घामानं ओली झालेली.